सोमलिंगचं बोट

मंद्रूपचा सोमलिंग सोलापूरच्या एका गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात बदलीवर होता. बदलीवर म्हणजे सकाळच्या भोंग्याला गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमचा कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर आल्या वाटेनं घरी. नऊ वर्षं असं चाललं. दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करावं लागेल, म्हणून गिरणी त्याआधीच त्याला ब्रेक द्यायची आणि परत घेताना नवा माणूस म्हणून घ्यायची. खात्याचा मुकादम, जॉबर बसलिंगप्पा, हजेरीत नाव जरा फिरवून लिहायचा. कधी सोमलिंग, कधी सोमनाथ, कधी नुसता सोमा.

"तुला कामाशी मतलब की," जॉबर म्हणायचा.

अठ्ठ्याहत्तर साली युनियननं सोमलिंगचा दावा कोर्टात लावला. गिरणीच्या वकिलानं हजेरीपुस्तकं पुढं ठेवली. म्हणाला, ही तीन वेगळी माणसं आहेत, एकाचेही दिवस भरत नाहीत.

सोमलिंगनं डावा हात वर केला. पहिलं बोट अर्धंच होतं.

"साहेब, चौऱ्याहत्तरला हे मशीनमदी गेलं. अपघाताच्या वहीत सोमनाथ लिवलंय. त्यो मीच."

जज्जसाहेबांनी साक्षीला आलेल्या बसलिंगप्पाला विचारलं. त्या दिवशी त्यानंच स्वतःचं धोतर फाडून बोट बांधलं होतं, सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. आता त्याच्या रिटायर व्हायला आठ महिने उरले होते.

"कार्डिंगमदी लई जणांची बोटं जात्यात, साहेब," तो खाली बघत म्हणाला. "ह्येचंच व्हतं का, मला आठवत न्हाय."

बोटं जात्यात हे खरंच होतं. सोमलिंगला त्या खऱ्याचीच जास्त चीड आली.

दावा गेला. बाहेर बसलिंगप्पा हळूच जवळ आला. "सोमवारी ये. बदलीचं बघतो."

सोमलिंग तसाच पुढं चालू लागला. घरी बायको महानंदा विड्या वळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जावा," ती म्हणाली. "विडीवर पाच तोंडं भरत न्हाईत."

"कुटल्या नावानं जाऊ?"

"लिवतील त्या."

 सोमवारी तो गेटवर गेला. त्याच्या दाव्यासाठी वर्गणी काढलेले युनियनचे कामगार तिथंच उभे होते. त्यांनी माना वळवल्या. आत बसलिंगप्पानं तंबाखूची चंची पुढं केली. सोमलिंगनं ती घेतली नाही. त्याच्या हातात तेवढंच होतं.

सात महिन्यांनी त्याला पुन्हा ब्रेक मिळाला.