चार किलोचा गोटा

तुलाराम पहाटे चारला उठायचा. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत बत्तीस वर्षं पहिल्या पाळीला उतरलेला माणूस. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी डोळा चारलाच उघडायचा. पूर्वी त्याची बायको बेबीबाई तेव्हाच चहा टाकायची. ती गेल्यापासून दोन वर्षं तो उठून नुसता ओट्यावर बसायचा.

ओट्यासमोरच्या मैदानात पाचला अपेक्षा यायची. मागच्या चाळीतली, वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. आधी धावायची, मग गोटा फेकायची. लोखंडी गोळा घेण्याची घरची ऐपत नव्हती. धावणं चांगलं होतं. गोटा मात्र जवळच पडायचा.

एका पहाटे ती गोट्याशेजारी बसूनच राहिली. तुलारामने बराच वेळ पाहिलं. मग उठून गेला.

"काहून बसली वो?"

"होत नाही आबाजी. महिना झाला, चार मीटरच्या पुढं जात नाही. तीन हप्त्यांनी भंडाऱ्याले मैदानी परीक्षा आहे. मी जातच नाही आता. चारचौघांत हसू कायले करून घेऊ?"

तुलारामने गोटा उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"किती किलोचा म्हनते हा?"

"चार किलो. दुकानात मोजून घेतला होता."

"हाच?"

"तो पांढरा होता. फुटला. मंग तेवढ्याच मापाचा हा पाहून आणला, खाणीच्या रस्त्यावरून."

"पोरी, हा मँगनीज हाय. काळा गोटा डोळ्यानं नाही मोजत. सहाच्या वर भरते हा."

"हातानं कसं समजते तुमाले?"

"बत्तीस वर्षं खाणीत याचेच टब भरले, लोखंडी डबे."

किराणा दुकान उघडल्यावर काट्यावर ठेवला. सहा किलो तीनशे ग्रॅम.

दुसऱ्या दिवसापासून तुलाराम मैदानात उभा राहू लागला. गोटा बदलला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. "हातानं ढकलून राहिली तू. जोर पायातून येते. आमी हातानंच फावडं मारलं असतं तं चाळिशीतच बसलो असतो." अर्ध्या मनाने फेकलेला गोटा तो मोजायचा नाही. पुन्हा फेकायला लावायचा.

"शाळेतल्या सरपेक्षा जास्त बोलता तुमी, आबाजी."

"दोन वर्षाचं साचलं हाय."

मग ती त्याच्याच चुलीवर चहा करायची. एकदा तिने बेबीबाईबद्दल विचारलं. नागपूरच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती, एवढं त्याने सांगितलं. तारखेच्या आठ दिवस आधी बेबीबाई गेली. मग तो कप विसळायला उठला.

मैदानीला आठ दिवस उरले तेव्हा तो म्हणाला, "लोखंड हातातून घसरते, गोटा नाही घसरत. तिथं गेल्यावर समजून काय फायदा?" आणि तुमसरची बस धरून खरा गोळा घेऊन आला.

भंडाऱ्याला तो तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता. अपेक्षाचा तिसरा गोळा सहा मीटरच्या पुढे पडला. लेखी परीक्षेनंतर निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं.

ट्रेनिंगला निघायच्या दिवशी तिने गोळा पुसून त्याच्या ओट्यावर आणून ठेवला. "तुमचा हाय, आबाजी."

"माहा नाही," तुलाराम म्हणाला. "बेबीचा हाय."

ऑपरेशनसाठी बँकेतून काढलेले मजुरीचे पैसे बेबीबाईच्या ट्रंकेत साड्यांखाली होते. दोन वर्षं त्याने ते ना बँकेत परत टाकले होते, ना त्यांना हात लावला होता. त्या पैशांतून पहिल्यांदा काही विकत घेतलं, ते हे चार किलो लोखंड.