तळमजल्यावरची खोली

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं उरकली, की जेद्दातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गावी बांधायच्या नव्या घराची बैठक बसते. नवरा दिवाणखान्यात, त्याचे दोघे भाऊ रायगडातून व्हिडिओ कॉलवर. घराला पैसा बराचसा माझ्या नर्सच्या पगारातला, आणि मी स्वयंपाकघरात. मी एवढंच मागितलं होतं, की माझ्या आईसाठी तळमजल्यावर एक खोली काढा. ती एकटी राहते, तिला जिना चढवत नाही.

त्या शुक्रवारी मुलगी इतिहासाच्या टेस्टचा अभ्यास करत होती. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या करांविरुद्ध एवढं रान का उठवलं, हे तिला पाठ होतं, पण पटत नव्हतं.

‘‘पण अम्मी, टॅक्स तर छोटासा होता. चाय तो उल्टा सस्ती हुई थी. मग प्रॉब्लेम काय?’’

मला शिकवायची भारी हौस. भांडी पुसता पुसता सांगितलं, की फ्रान्सशी लढून इंग्लंड कर्जात बुडालं, मग त्यांनी वसाहतींच्या कागदपत्रांवर कर लावला, पुढे चहावर. रक्कम किती, हा मुद्दाच नव्हता. कर बसवणाऱ्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही माणूस नव्हता. स्वस्त म्हणून तो चहा मुकाट्यानं प्यायले असते, तर न विचारता कर घ्यायचा हक्कच मान्य केल्यासारखं झालं असतं.

‘‘मग इंग्लंड काय म्हणालं?’’

‘‘म्हणालं, आमचे मेंबर तुमचाही विचार करतात की.’’

मी स्वतःवरच खूश होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, ‘‘चहा आण गं.’’

चहा घेऊन गेले. टीपॉयवर नकाशा पसरलेला होता. तळमजल्यावर दिवाणखाना आणि भाड्यानं द्यायचे दोन गाळे. आईची खोली वरच्या मजल्यावर.

‘‘आईचे गुडघे...’’ मी म्हटलं.

नवऱ्यानं फोनवर हात ठेवला. ‘‘मी बोललोय ना तुझ्या वतीनं. गाळ्यांशिवाय जमत नाही, असं ठरलंय. उद्या काम सुरू होतंय.’’

आत्ताच लेकीला सांगितलेलं इंग्लंडचं वाक्य तो मलाच ऐकवत होता. बोलायला हवं होतं. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांना चूक तोंडावर सांगणारी मी, तिथं कप मांडले, साखर विचारली आणि आत आले. दार उघडंच होतं. मुलीनं सगळं ऐकलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

‘‘अम्मी, तुला विचारलं होतं त्यांनी?’’

‘‘तू अभ्यास कर.’’

संध्याकाळी आईचा फोन आला. नव्या घरात राहायला जायचं म्हणून ती आतापासूनच शेजारणीला कोंबड्या देऊन टाकत होती. आनंदात होती.

‘‘खोली खालीच आहे ना गो?’’

‘‘होय,’’ मी म्हटलं.

मुलगी समोरच बसली होती. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.