खुर्चीवरची बादली

चाचांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी त्यांच्या पायांना चैन म्हणून नसे. तळघराच्या दाराशी मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यासाठी मुद्दाम नवी खुर्ची आणून ठेवली होती. चाचांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर पाण्याची बादली ठेवली आणि आत निघून गेले. तेव्हापासून ती खुर्ची बादलीचीच झाली.

मार्गासनीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी जांभळाच्या वाइनचा हा जुना मळा आहे. वर्षानुवर्षं बंद पडला होता. नव्या मालकांनी तो घेतला. जुन्या मालकाचा, म्हणजे साहेबाचा बंगला, जांभळं तुडवायचं दगडी टाकं, तळघर, सगळं नीटनेटकं केलं आणि तिकीट लावलं. मी भोरची, इतिहासाची पदवी घेऊन घरी बसलेली. पाहुण्यांना माहिती सांगायची नोकरी मला मिळाली. पिंपांची निगा राखायला ठेवलेले चाचाही भोरचेच. त्यांचे वडील इथे लाकडी पिंपं बांधायचे आणि मळा बंद पडेपर्यंत चाचा तळघरात राबले होते. आम्ही एकाच एसटीनं यायचो. जागा रिकामी असली तरी चाचा गाडीत उभेच.

तळघरात सतरा पिंपं. कशातही वाइन नाही, नुसती बघायला ठेवलेली. चाचा सकाळी एकेकावर बोटाच्या पेरांनी ठकठक करत, कान लावत. मग कुणात तांब्याभर पाणी सोडत, कुणावर ओलं पोतं घालत. "ह्ये तहानलंय," म्हणत, "ह्याला आज नको." सतरावं झालं की पुन्हा पहिल्यापासून. बघूनच मला दम लागे. घटकाभर बसा की, म्हटलं तर म्हणायचे, "लाकूड कुठं बसून ऱ्हातंय? त्ये सारखं फुगतंय, आकसतंय. आपुन बसलो की त्ये सुटलं म्हनून समजा."

माझं पाठ केलेलं भाषण ते मागे उभं राहून ऐकत. 'येथे साहेब मित्रांसह वाइनचा आस्वाद घेत असत,' असं मी म्हटलं की हळूच म्हणत, "साहेब हितं कुठं यायचा? आंबूस वासानं त्याला लई शिंका यायच्या." पाहुणे हसत, मी मनातून चरफडे. पुढे त्या शिंका मी निमूटपणे भाषणात घेतल्या.

मग तळघरात नवी फरशी आली, पिवळे दिवे आले, दमट वास जावा म्हणून पंखे आले. एक बाई ओल्या फरशीवर घसरल्या. फार लागलं नाही, पण मॅनेजरसाहेब संतापले. "पाणी बंद. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतात," असं मला म्हणाले. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी चाचांना सांगितलं.

चाचा तांब्या या हातातून त्या हातात घेत राहिले. "पानी तुटलं की फळ्या आकसत्यात, ताई. लोखंडाचं कडं ढिलं पडतं. मग पिंप ऱ्हात न्हाई. साहेबांना येवढं सांगा."

"सांगते," म्हणाले मी. सांगितलं नाही. पाणीच नाही तर करायचं काय, म्हणून आठवड्याभरात चाचा यायचे थांबले. माझी नोकरी पक्की झाली आणि माझं स्वास्थ्य गेलं. बोलता बोलता माझी नजर पिंपांकडे जाई. तळघराचं भाषण मी निम्म्यावर आणलं, पाहुण्यांना लगबगीनं बाहेर काढू लागले.

उन्हाळ्यात, भर पाहुण्यांत, सगळ्यात थोरल्या पिंपाचं कडं घसरून फरशीवर आदळलं. पाठोपाठ दुसरं. फळ्या पसरल्या आणि पिंपाचं सरपण झालं. पाहुण्यांनी मोबाईल काढले. एकानं विचारलं, हे पुन्हा किती वाजता दाखवणार?

मी चाचांना फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. त्या ढिगाकडे पाहिलं आणि फरशीवर खाली बसले. एक फळी मांडीवर घेतली. आता उठतील, मग उठतील, म्हणून मी उभी राहिले. उठलेच नाहीत. मला ते बघवेना.

"चाचा, मी साहेबांना सांगितलंच नाही. नोकरीची भीती वाटली."

"ठावं हाय," चाचा फळीवर हात फिरवत म्हणाले. "सांगितलं असतं, तर साहेब मला इचाराया आला असता."

"पुन्हा बांधता येईल का?"

"बांधनारा माझा अब्बा. मला निसतं जपाया येत हुतं."

मग त्यांनी बादलीकडे बोट केलं. "सोळा हायेत अजून. जावा, बघा."

मी ठकठक करत निघाले. मला काही कळत नव्हतं. चाचा बसल्या जागेवरून ऐकून सांगत होते, ह्याला घाला, ह्याला नको.

मॅनेजरसाहेबांनी पुन्हा पाणी बंद करायचं नाव काढलं नाही. चाचा मात्र त्यानंतर आले नाहीत. पावसाळ्यात भोरलाच वारले. एसटीत मला अजून जागा मिळते, बसवत नाही. तळघरात एखादी आजी माझी धावपळ बघून म्हणते, "अगं, खुर्ची आहे ना तिथं, जरा टेक की." मी बादलीत तांब्या बुडवते आणि पुन्हा पहिल्या पिंपापाशी जाते.