चार तिरप्या रेघा

तिसरा टेकही कांबळे सरांनी मध्येच थांबवला.

"सिद्धार्थ, गिटार वाजवतोयस का कवायत घेतोयस?"

सोलापुरातला छोटा स्टुडिओ. भीमगीतांचं रेकॉर्डिंग. पथक आणि चाली सरांच्या; सॉफ्टवेअरवर नोटेशन लिहून देण्याचं काम माझं. सिद्धार्थ कुर्डुवाडीला रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. रजा काढून आला होता. पथकाबरोबर सहा वर्षं कार्यक्रम केले, स्टुडिओत मात्र पहिल्यांदाच.

"अजून एक टेक," सर म्हणाले. "न्हाय जमलं तर पुण्याचा गिटारवाला बोलवू."

"सर, कागदावर हाय तेवढंच वाजवतोय की."

"कागद ठेव तिकडं," ढोलकीवाले अण्णा म्हणाले. "गावोगाव माझ्या हाताकडं बघून वाजवलंस, तवा कुटं होता कागद?"

मी कागद पाहिला. त्यात चूक नव्हती. वर कॉर्डची नावं, म्हणजे कोणते सूर एकत्र छेडायचे ते. खाली दर मात्रेला एक तिरपी रेघ. तिला स्लॅश म्हणतात. नुसत्या रेघेचा अर्थ, इथे एक मात्रा जाते, गाण्याला शोभेल तसं वाजव. रेघेला दांडी असेल तर अर्थ बदलतो: याच लयीत, असंच वाजव.

सिद्धार्थ चार रेघांना चार सारखे फटके मारत होता. नोटेशन वाचायला त्याला मीच शिकवलं होतं. नुसत्या रेघांचा अर्थ सांगायचा राहिला होता.

"चूक माझी आहे, सर."

"कुणाची का असंना. पाचला जागा सोडायचीय."

साडेतीन वाजले होते. मी अण्णांना ठेका दोनदा वाजवायला लावला. जोर जिथे पडत होता तिथे लॅपटॉपवर, नोटेशनच्या पाच रेषांपैकी मधल्या रेषेवर सूर भरले, मग त्यांची गोल डोकी बदलून तिरप्या रेघा केल्या. दांड्या तशाच ठेवल्या. हे फक्त पहिल्या दोन ओळींना. पुढे पुन्हा नुसत्या रेघा, आणि वर मराठीत लिहिलं: 'अण्णांच्या हाताकडे बघ.' प्रिंटर नव्हता. लॅपटॉपच सिद्धार्थसमोर ठेवला.

"असं हाय व्हय," सिद्धार्थ म्हणाला. "मग आधी सांगायचं की, मास्तर."



चौथा टेक. दोन ओळी त्याची नजर स्क्रीनवर होती. नंतर मान वर झाली, अण्णांकडे वळली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या कडव्यात लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. त्याला पत्ताही नव्हता.

"हा ठेवा," सर म्हणाले. पुण्याला फोन गेला नाही.

तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या तळाशी मी रेघांचा अर्थ छापतो. तळ कुणी वाचत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगआधी तोंडीही सांगतो, प्रत्येकाला, प्रत्येक वेळी.