खांबाशी जोडून ठेवलेल्या चपला

मोहाडीच्या शोभाताईंचे पाय आयुष्यभरात किती चालले, ते गावच्या चौंडेश्वरी मायलाच ठाऊक! वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी हातमागाच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत हाती घेतले. गल्लीच्या या टोकाला एक खुंट, त्या टोकाला दुसरा. सूत उलगडत जायचे, पलीकडचा खुंट शिवायचा, वळायचे, परत यायचे. पाय अनवाणी, ओठांवर नाम. अशी साठ वर्षे गेली. मग घरातला माग बंद पडला, खुंट उपटले गेले. आणि हळूहळू शोभाताईंच्या मनातूनही एकेक गोष्ट निसटू लागली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावे.

डॉक्टर म्हणाले, त्यांना चालवा, फिरवा, माणसांत न्या. म्हणून त्यांचे यजमान नंदलालजी महिन्यातल्या एका रविवारी त्यांना एसटीने नागपूरला नेत. दिवसभर रमतगमत हिंडायचे, तलाव पाहायचा, दिवस मावळायच्या आत माघारी निघायचे. मुलगा अंकुर पुण्याहून फोनवर बजावी, "बाबा, एक दिवस माय हरपन ना, मंग समजन तुमाले!"

त्या रविवारी फुटाळा तलावाच्या काठी, कठड्याच्या पहिल्या खांबाजवळच्या बाकावर, नंदलालजींनी शोभाताईंना बसवले.

"इथंच बस बरं. भुट्टे आनतो."

"मी कुठं जाऊन राहिली? तुमीच हरपाल. चष्मा पुसा आधी!"

दोन भुट्टे भाजायला असा किती वेळ लागावा? नंदलालजी परतले, तो बाक रिकामा. आणि खांबाशी, पाण्याच्या अगदी लगत, शोभाताईंच्या चपला.

वाचकहो, माणूस नाही, नुसत्या चपला! हातातले भुट्टे खाली पडले. भोवती माणसे जमली. एक जण कठड्यावरून वाकून पाणी पाहू लागला. "बाईनं काही केलं तं नाई ना?" असे कोणी म्हणाले. नंदलालजी दहा पावले इकडे धावले, दहा पावले तिकडे. एका अंगाला अथांग पाणी, दुसऱ्या अंगाला सुसाट गाड्या. आईमाय, कुठे शोधावे?

भुट्टेवाला धनीराम मूळचा त्यांच्याच भागातला, सिहोऱ्याचा. तो शेगडी सोडून आला. "काका, मी त्या बाजूनं पाहतो, तुमी ह्या बाजूनं पाहा."

नंदलालजींची नजर पुन्हा चपलांवर गेली. दोन्ही जोडलेल्या, टाचा खांबाला टेकवलेल्या. सुतात शिरण्यापूर्वी शोभाताई गल्लीतल्या खुंटाशी अशाच चपला काढून ठेवीत. साठ वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. नंदलालजींनी खांबावर हात ठेवला आणि ते जागीच उभे राहिले.

"उभे काहून राहिले, काका? धुंडा ना!" धनीराम जाता जाता ओरडला.

"नाई, बापू. ताना फिरनारी बाई खुंटाशी परत येते. मी हाललो तं ती येईन कोनापाशी?"

"म्हातारा येडा झाला," मागून कोणी पुटपुटले.

आणि खरेच, आपला अंदाज चुकला असेल तर? उभे राहून घालवलेला हा एकेक क्षण तिच्या जिवावर बेतला तर? धावणे सोपे होते. उभे राहणे फार कठीण होते. नाम ओठांत होते, पण कापत होते. तेवढ्यात फोन वाजला. अंकुर.

"बाबा, माय कुठं हाये?"

"फिरून राहिली," एवढेच ते म्हणाले. ते खरे होते की खोटे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. फोन बंद झाला. पाण्यावरचे ऊन तांबूस होऊ लागले.

आणि मग, गर्दीच्या फटीतून, दोन अनवाणी पाय! हात पुढे धरलेले, बोटांतून न दिसणारे सूत सोडत शोभाताई कठड्याच्या कडेकडेने येत होत्या. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. खांब शिवायला हात टाकला, तो नंदलालजींच्या हातावर पडला. क्षणभर तो तिथेच राहिला. मग त्या वळल्या.

"आता कुठं?" नंदलालजींनी विचारले.

"लय फेऱ्या बाकी हायेत."

"या फेरीले मीबी येतो."

"तुमी? मागावर बसनारा मानूस. जनमभर बसूनच तं रायले!"

नंदलालजींनी आपल्या चपला काढल्या आणि तिच्या चपलांना लागून, टाचा खांबाला टेकवून ठेवल्या.

"दोन पावलं मागं राहून या," शोभाताईंनी दटावले, "नाई तं सूत तुटन."

नंदलालजी दोनच पावले मागे राहिले. तिसऱ्या पावलाचे अंतर त्यांनी पडू दिले नाही.