पामी चामाच्या अकरा सह्या

आमच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या विभावरीवहिनी एंजल इन्व्हेस्टर आहेत. म्हणजे एखादी कंपनी अजून रांगत असताना, बँक तिला दारातही उभं करत नाही तेव्हा, स्वतःचे पैसे घालून तिच्यात भागीदार होणारं माणूस. असं माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आणि महागडं घड्याळ येतं. आमच्या वहिनी शनिवारी सकाळी गमबूट घालून मेथीच्या वाफ्यात बसलेल्या असतात. मी कुंपणावरून विचारतो, "काय देवदूत, आज पंख धुवायला टाकले वाटतं?" त्या मान वर न करता म्हणतात, "भावजी, तुमच्याकडच्या गोगलगायी इकडे येतायत, त्या आधी उचला."

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला, म्हणजे आमच्या पामीला, त्या आल्या एकोणीस वर्षांपूर्वी. नवऱ्याला, रवींद्रला, इथे आयटीत नोकरी लागली म्हणून. पुण्यात त्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं होत्या. इथे जातील तिथे एकच प्रश्न, न्यूझीलंडचा अनुभव आहे का? नाही? मग सॉरी. असे चौदा महिने गेले. शेवटी एका संशोधन संस्थेतल्या हेदर नावाच्या बाईने त्यांच्यापुढे दुधाच्या सात बाटल्या ठेवल्या आणि म्हणाली, "मला कागद नकोत, काम दाखव." वहिनींनी अर्ध्या तासात त्यातल्या दोन बाजूला काढल्या. त्या दोनच खराब होत्या. "सोमवारपासून ये," हेदर म्हणाली.

"पहिलं 'हो' म्हणणारं माणूस भेटलं, म्हणून मी इथे आहे," हे वहिनी वर्षातून निदान चारदा ऐकवतात. मी दर वेळी जांभईचं नाटक करतो. दर वेळी स्वरदा, माझी बायको, मला कोपर मारते.

त्याच लॅबमध्ये केनियाहून चेबेट नावाची मुलगी पीएचडी करायला आली. चार वर्षं तिने वहिनींच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ खाल्लं आणि आपल्या गावाबद्दल सांगितलं. तिथे घरटी दोन-तीन गाई. सकाळचं दूध डेअरीच्या गाडीतून जातं. संध्याकाळी गाडी येत नाही, फ्रिज कुणाकडे नाही, म्हणून संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत नासतं. परत गेल्यावर तिने दूध गार ठेवणारी, सोलरवर चालणारी छोटी टाकी बनवली आणि तीन गावांत बसवली. आणखी टाक्यांना पैसे हवे होते. परदेशी फंडवाले म्हणाले, तुझं काम फार लहान आहे. बँक म्हणाली, तारण काय ठेवतेस?

तिने वहिनींना रंगीबेरंगी स्लाइड्स पाठवल्या. वहिनींनी त्या उघडल्याही नाहीत. "मला डेअरीने दूध नाकारल्याची वही पाठव," म्हणाल्या. "दोन महिन्यांची." वहीच्या पानांचे फोटो आले. सलग तीन दिवस संध्याकाळी बाई जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून तेच वाचत होत्या. नाकारलेले कॅन आठवड्यागणिक कमी होत गेले होते. शेवटच्या पंधरवड्यात एकच, आणि त्यापुढे चेबेटने लिहिलं होतं, झाकण आम्हीच नीट लावलं नव्हतं.

"ही मुलगी स्वतःची चूक वहीत लिहिते," वहिनी रवींद्रला म्हणाल्या. नव्या किचनसाठी साठवलेले बारा हजार डॉलर केनियाला गेले. रवींद्र बिचारा काय बोलणार? त्याने ओव्हनचं दार नीट लागावं म्हणून एक चिमटा आणून दिला.

आणि मग भिशी. पामीतल्या अकरा मराठी बायकांची भिशी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. चिठ्ठी निघते, जिची निघेल तिला सगळी रक्कम, आणि सगळ्यांना साबुदाणा वडे. वहिनींनी तिथे चेबेटची गोष्ट सांगितली. वडे संपेपर्यंत ठरलं, यंदाची चिठ्ठी काढायचीच नाही, वर्षभराची भिशी चेबेटला! एकीनेही घरी विचारलं नाही. मला पाच महिन्यांनी कळलं, आणि तेही स्वरदाच्या तोंडून निसटलं म्हणून.

आता घोळ बघा. अकरा जणींनी पैसे पाठवले, पण कागद कुणी केला नाही. भिशीला कधी कुणी कागद करतं का? तिकडे चेबेटनेही तो मागितला नाही, कारण त्यांच्याकडे हुबेहूब असंच असतं. त्याला ते चामा म्हणतात. बायका जमतात, पैसे टाकतात, शब्द पाळतात. तिने कंपनीच्या भागधारकांच्या यादीत वहिनींच्या नावाखाली सरळ लिहिलं, "पामी चामा." दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचं इतकं पटकन समजलं, की कायदा मध्ये आलाच नाही.

तो आला चार वर्षांनी, गेल्या सप्टेंबरात. चेबेटच्या टाक्या आता सव्वीस गावांत होत्या, आणि तिला पुढचे पैसे द्यायला नैरोबीतला गुंतवणूकदारांचा एक गट तयार झाला होता. चेबेट व्हिडिओ कॉलवर नाचायचीच बाकी होती. "आंटी, हे परदेशी नाहीत! इथले डॉक्टर आहेत, बँकेतल्या बायका आहेत, लंडनहून परत आलेले इंजिनियर आहेत. आमची माणसं आता आमच्या कंपन्यांत पैसे घालतात. तुम्ही घातले तेव्हा असं कुणी नव्हतं." वहिनींनी पदर नसताना पदर डोळ्यांना लावला.

पण त्या गटाच्या वकिलाने विचारलं, हे पामी चामा कोण? अशी व्यक्ती नाही, अशी कंपनी नाही. अकराही जणींनी सही करून आपला हिस्सा विभावरी यांच्या नावे ठेवायला हरकत नाही असं लिहून द्यावं, तेही दोन आठवड्यांत. नाहीतर गट पैसे दुसऱ्या कंपनीला देणार.

पाच दिवसांत दहा सह्या झाल्या. अकरावी सरलावहिनींची. त्या दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या, हरीशच्या, नोकरीमुळे क्राइस्टचर्चला, हॉर्नबीला राहायला गेल्या होत्या. त्यांचा मेसेज आला, "मी सही करणार नाही." बस. फोन उचलेनात.

वहिनींनी सगळ्यांना विचारलं, काय बिनसलं असेल? मी गप्प. मला माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी गणपतीत, आरतीनंतर, मी नेहमीप्रमाणे मैफल रंगवली होती. "केनियात दूध गार होतंय की नाही देव जाणे, पण विभावरीवहिनींचं नवं किचन मात्र भिशीतून झकास होणार बघा!" सगळे हसले, वहिनीसुद्धा. कुणीतरी ते फोनवरून हॉर्नबीला पोचवलं. हसणं काही फोनवरून गेलं नाही, वाक्य तेवढं गेलं.

स्वरदाला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटता लाटता थांबली. "विमानाचं तिकीट काढ," म्हणाली. एरवी ती मला अहो म्हणते.

सहा दिवस उरले असताना मी हॉर्नबीला सरलावहिनींच्या दारात कागद घेऊन उभा. त्यांनी चहा दिला. बिस्किट दिलं नाही, यावरून ओळखलं.

"मधूभावजी, तुम्हीच म्हणालात ना किचनचं?"

"गंमत केली हो मी."

"तुमची गंमत झाली. मी इथे वर्षभर झुरतेय. विभासारखी बाई असं करेल? मग वाटायचं, मधूभावजी शेजारी राहतात, त्यांना रोज दिसतं. ते उगीच कशाला म्हणतील?"

"मी उगीचच म्हणतो, वहिनी. माझा तो धंदाच आहे."

"आणि तुमचे स्वतःचे किती आहेत त्यात?"

"स्वरदाचे आहेत."

"तुमचे?"

"शून्य."

"म्हणजे नुसते कुंपणावरून दात काढता."

हरीश खिडकीबाहेर कार पार्क बघत बसला होता. मी विभावरीवहिनींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरलावहिनींच्या हातात दिला. पलीकडे वहिनी स्वयंपाकघरातच होत्या. मागे तीच जुनी पिवळी कपाटं, ओव्हनच्या दाराला चिमटा.

"विभा, हे काय? किचन केलं नाहीस?"

"कधी करणार? पैसे चेबेटकडे आहेत ना."

"तुझे किती?"

"बारा हजार. भिशीचे वेगळे."

सरलावहिनींनी फोन टेबलावर उभा केला. मग त्यांनी काय ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, कुणी म्हटलं तेही. मी चहाच्या कपात बघत होतो. आता फोनमधून माझा उद्धार होणार!

"अगं, मग मला विचारायचं नाहीस का सरला?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता. "वर्षभर तू हे घेऊन बसलीस? सही राहू दे. तुला पैसे परत हवे असतील तर मी देते, थोडे थोडे. पण बोलत जा गं माझ्याशी."

माझ्याबद्दल एक शब्दही नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरलावहिनींनी पेन मागितलं. सही करण्याआधी माझ्याकडे वळल्या. "एक अट आहे, भावजी. जे चारचौघांत बोललात ते चारचौघांतच मागे घ्यायचं."

दिवाळीच्या कार्यक्रमात मी माइक हातात घेतला. "गेल्या वर्षी मी विभावरीवहिनींबद्दल जे म्हणालो ते खोटं होतं. त्यांनी किचन केलं नाही, स्वतःचे पैसे घातले." लोक खो-खो हसले. त्यांना वाटलं, विनोद पुढे आहे. तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला तेव्हा हॉल शांत झाला. उभ्या आयुष्यात माझा कार्यक्रम इतका वाईट पडला नव्हता.

नैरोबीच्या गटाचे पैसे नोव्हेंबरात चेबेटला मिळाले. आणखी चाळीस गावांत टाक्या बसतायत. गटाने वहिनींना विचारलं, अशा आणखी कंपन्या तपासायला मदत कराल का, नाकारल्याच्या वह्या वाचून? आता दर गुरुवारी संध्याकाळी, तिकडची सकाळ असते तेव्हा, त्या दोन तास कॉलवर असतात. या वेळी मीही थोडे पैसे घातले, स्वरदाला विचारून. हे सांगायला मी वहिनींकडे गेलो आणि त्या गणपतीबद्दल माफीही मागितली. मला पाठ केलेलं धड बोलता येईना. त्यांनी पानावर गरम थालीपीठ वाढलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सरलाकडे गेलात, ते मी विसरणार नाही." चूक माझी, आणि आभार त्या मानत होत्या. अशा बाईच्या शेजारी घर मिळालं, याबद्दल मी आजवर कुणाचे आभार मानले नव्हते. ते आज इथे लिहून मानतो.

चेबेटची खबरबात दर तीन महिन्यांनी अकरा जणींना मराठीत कळवायचं काम वहिनींनी माझ्यावर सोपवलं आहे. फक्त एकच नियम, पाठवण्याआधी पत्र हॉर्नबीला जातं आणि सरलावहिनी ते तपासतात. मागच्या पत्रातली चार वाक्यं त्यांनी खोडली. चारही विनोदी होती.