भरतीचा रकाना

पालीहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो आणि लगेच बायकोचा फोन आला, "खाडीचं काही खाऊ नका हं!" मी तिच्यावर चिडलो खरा, पण धास्ती माझ्याही मनात होतीच.

खाडीकाठच्या गावात जनाबाईने बोलावलं होतं. ती माझ्या जुन्या ऑफिसातल्या शिपायाची बहीण. चिखलातून तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) वेचून विकते. गेलं वर्षभर तिच्या टोपलीत मेलेल्याच येतात. तिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे प्रदूषण तपासणारे साहेब आज दहाला पाण्याचा नमुना घ्यायला येणार होते. मी निवृत्त सरकारी कारकून, म्हणून तिला माझा आधार.

तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. तिसऱ्यांचं विचारलं, तर म्हणाली, "आमीच खात न्हाय आता."

मग आम्ही बांधावर गेलो. "आज पंचमी, धाला सुकती (ओहोटी). कारखान्याचा पायप उघडा पडतो. त्योच सायबाला दावायचा."

पाइपातून काळं, फेसाळ पाणी चिखलात पडत होतं. वासाने डोळे चुरचुरले. अकरा वाजले, बारा वाजले. पाणी चढू लागलं, तसा मी पुन्हापुन्हा रस्त्याकडे बघू लागलो. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

साहेब एक वाजता आले, घामाघूम. "जिल्ह्याला गाडी एकच हो, काय करणार!" तोवर पाइप बुडाला होता, वासही गेला होता. बाटलीत भरतीचं नितळ पाणी भरलं गेलं.

"सायेब, पायपाचं लिवा की."

"दिसत नाही ते कसं लिहू, मावशी? फॉर्मात वेळेचा रकाना आहे, भरतीचा नाही."

"रातच्याला परत सुकती हाय. थांबा."

"रात्री नमुना घ्यायची परवानगी नाही."

पंचनाम्यात लिहिलं होतं, 'पाणी स्वच्छ, दुर्गंधी नाही.' पंच म्हणून आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. जनाबाईने पेन धरून माझ्याकडे पाहिलं. "दादा, करू का सही?"

"नाही केली तर?" मी साहेबांना विचारलं.

"भेट रद्द. पुन्हा पहिल्यापासून अर्ज."

कागद अर्धवट परत जाऊ द्यायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. "करा," मी म्हणालो आणि आधी स्वतःच सही ठोकली. तिने माझ्या नावाखाली सावकाश तिचं नाव काढलं आणि विचारलं, "आता व्हईल ना बंद पायप?"

मी "बघू" म्हणालो आणि एसटी गाठली. त्या कागदात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याच कागदावर तिची तक्रार निकाली निघणार, हे जन्मभर असल्या फायली बंद केलेल्या मला तिथेच कळलं होतं. मला त्या सहीची लाज वाटते. घरी पोचून चार दिवस झाले. रोज तिचा फोन येतो, आणि मी तो उचलत नाही.